उतरवलेल्या ओळी मोजा!

विद्यार्थीमित्रहो, ‘आर’ या संगणकभाषेत आकडेमोड झाली, की तक्ता स्प्रेडशीटच्या फाइलीत उतरवून आपण निर्धास्त होतो. हे बरे नव्हे. जुन्या ‘एक्सएलएस’ फाइलीत ६५,५३६ ओळीच मावतात. इंग्लंडमध्ये २०२० साली कोरोना-चाचण्यांचे निकाल अशा फाइलींत भरताना उरलेल्या ओळी गळाल्या. १५,८४१ बाधितांची नोंद लांबली. त्यांच्या संपर्कातील माणसांना वेळीच सावध करता आले नाही.

प्रयोगवहीतील मूळ निरीक्षण आपण कधी खोडत नाही. तोच नियम येथेही हवा. मूळ तक्ता साध्या ‘सीएसव्ही’ फाइलीत जपावा, उतरवलेल्या ओळी मोजून मुळाशी ताडून पाहाव्यात. शिक्षकांनीही प्रात्यक्षिकात ही ताडणी आवर्जून मागावी. फाइल तयार झाली म्हणजे आकडे पोहोचले, असे नव्हे!