पट्टी वाचता आली पाहिजे

फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजार समितीत एका शेतकऱ्याने दहा पोती कांदा आणला. वजन भरले 512 किलो, भाव मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती 2 रुपये 49 पैसे उरले. चेक मिळाला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. आडत्याने दिलेली ती हिशेबाची पावती, म्हणजे पट्टी, वर्तमानपत्रांत छापून आली, लोक हळहळले आणि विसरले. माझे म्हणणे असे, की एम.कॉम.च्या वर्गात अर्थशास्त्राचा पहिला तास त्या कागदावरच व्हावा.

कारण त्या पट्टीत अख्खा अभ्यासक्रम आहे. कांद्याचा भाव कोसळला म्हणून हमाली कोसळत नाही. ती पोत्यावर ठरते, तोलाई वजनावर, भाडे अंतरावर. म्हणजे भाव पडला की सगळी घट शेवटी उरणाऱ्या माणसाच्या, शेतकऱ्याच्या वाट्याला येते. वर्गात खर्चाचे प्रकार फळ्यावर लिहून मुले पाठ करतात, पण कोणता खर्च कोणाच्या अंगावर पडतो, हे त्यातून कळत नाही.

आडतीचेच, म्हणजे आडत्याच्या दलालीचेच घ्या. 2016 मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असे ठरवले. व्यापाऱ्यांनी तेव्हा बाजार बंद ठेवले होते. पट्टीवरची ती ओळ गेली. भार गेला का? बोली लावतानाच खरेदीदार आडत मनात धरून भाव कमी बोलू शकतो. भरलेला ट्रॅक्टर परत न्यायचा तर पुन्हा भाडे, आणि भाजी असेल तर संध्याकाळपर्यंत ती सुकते. ज्याला थांबता येत नाही, त्याच्यावर भार सरकतो. पुस्तकात हेच लवचिकतेच्या प्रकरणात येते. आकृती काढून मिळणारे गुण आणि लिलावात उभे राहून येणारी समज यांत फार अंतर आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने बाजारात जाऊन शिकण्याची संधी खरे तर दारात आणून ठेवली आहे. राज्यातल्या विद्यापीठांत पदव्युत्तर पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आहे. मुले त्याला नुसते ‘ओजेटी’ म्हणतात. चार श्रेयांक म्हणजे 120 तास. एवढ्या वेळात एखादी बाजारपेठ पुरती समजून घेता येते. प्रत्यक्षात मी पाहिलेल्या एका विद्यार्थिनीच्या वहीत रोज एकच ओळ होती: ‘बिलांच्या नोंदी केल्या.’ कर सल्लागाराच्या कार्यालयात ती जीएसटीची बिले भरत होती. ते कामही शिकायला हवेच, पोटाला लागते. पण ती बिले कोणत्या मालाची, नफा किती टक्के, उधारी किती दिवसांची, हे तिला कोणी विचारले नव्हते. शेवटी प्रमाणपत्रावर शिक्का बसला आणि गुण मिळाले.

आपल्याकडे याहून वेगळी परंपरा आहे, म्हणून जास्त वाईट वाटते. 1930 मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. तिचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी अगदी आरंभी हातात घेतलेल्या कामांत पुण्याच्या फळबाजाराची पाहणी होती. ती 1933 मध्ये प्रसिद्ध झाली. मग मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतली मोटार वाहतूक, वाई तालुक्यातली शेती, पुण्यातली कुटुंबे. फळ बागेतून गिऱ्हाइकापर्यंत कसे पोचते, हा प्रश्न त्यांना संशोधनाच्या योग्यतेचा वाटला. हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यात अध्यक्ष म्हणून बसले आणि 1950 मध्ये तिथे गाळप सुरू झाले. त्यांचे अर्थशास्त्र फळबाजारातून निघाले आणि कारखान्यापर्यंत पोचले.

आज वाणिज्य विभागाला यासाठी फार पैसा लागणार नाही. बाजार समिती, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, बचत गट, सगळे तालुक्यात आहे. लागतो तो प्रश्न आणि सोबत येणारा शिक्षक. एकाच आडत्याच्या गाळ्यावर महिनाभराच्या पट्ट्या उतरवून घ्या, त्याच दिवशीचा किरकोळ भाव मंडईत जाऊन लिहा, मधला फरक कोणाकोणात वाटला गेला ते हमाल, मापाडी आणि भाजीवालीला विचारून मांडा. तोंडी परीक्षा त्या आकड्यांवर घ्या. शिक्षकांना यासाठी वेळापत्रकात तास मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार रास्त आहे. लिलाव पाहायला बाजारात जाणे हाही अध्यापनाचाच भाग आहे आणि विद्यापीठाने तो कार्यभारात धरलाच पाहिजे.

विभागप्रमुखांना माझी विनंती आहे. या वर्षी ओजेटीची पत्रे देण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक प्रश्न लिहून घ्या, आणि त्याचे उत्तर आल्याशिवाय अहवालावर सही करू नका.