दाढ उपटण्याआधी

कीड खोल गेली की रूट कॅनल करायचे, नाहीतर दाढ उपटायची, हा समज आता जुना झाला. दाताच्या आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा जिवंत गाभा असतो. त्यालाच पल्प म्हणतात. तो बरा होण्याजोगा असेल, तर त्याच्या लगतची मऊ कीड न खरवडता वर घट्ट भरण करावे, अशी भूमिका युरोपीय दंतमूळतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९मध्ये मांडली. अन्न तुटले की कीड थंडावते. सिरोंचा, भामरागडहून नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात फेऱ्या मारायच्या तर मजुरी बुडते. म्हणून एक-दोन भेटींत आटोपणारा हा उपचार गडचिरोली-चंद्रपूरच्या ग्रामीण रुग्णालयांतच मिळायला हवा. मात्र थंड पाण्याने क्षणभर कळ येते, तेव्हाच दात दाखवा. गालात खर्रा दाबून दिवस ढकलले, तर पल्प मरतो आणि ही संधीही हुकते.