आकड्याचे रूप आणि रकमेचे मूल्य

जुन्या कीर्दीत लेखणीने उतरलेला आकडा हाच रकमेचा अखेरचा पुरावा असे; रुपये, आणे आणि पै यांच्या रकान्यांत जे लिहिले गेले त्यापलीकडे त्या रकमेस निराळे अस्तित्व नव्हते, आणि म्हणूनच खाडाखोडीचे भय हिशेबनिसाच्या हाडीमाशी मुरलेले असे. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचे व्हिझिकॅल्क वैयक्तिक संगणकावर आले, पुढे लोटस व एक्सेल यांनी त्याचा वारसा घेतला, आणि एकाच सेलमध्ये दोन गोष्टी शेजारी नांदू लागल्या: आत साठवलेले मूल्य आणि वर दिसणारे रूप. वर्षअखेरचे ताळेबंद सिद्ध करण्याच्या या दिवसांत आमच्या व्यवसायबंधूंस आमचे आग्रहाचे सांगणे असे की, या दोहोंपैकी कोणत्या गोष्टीला आपण हात लावीत आहोत याचे भान प्रत्येक सेलपाशी जागे असले पाहिजे. कारण रकमेचे स्वरूपन हे शोभेचे काम समजून कनिष्ठाकडे सोपवण्याची जी रीत दफ्तरांत पडली आहे, तीतून निर्माण होणारे दोष बेरजेच्या दोषांइतकेच गंभीर असतात.

एखाद्या पतसंस्थेच्या व्याजपत्रकात तीन सभासदांच्या नावे प्रत्येकी १००.४० रुपये आहेत आणि पत्रक सुटसुटीत दिसावे म्हणून दशांशस्थळे लपवली आहेत, असे समजा. कागदावर तीन वेळा १०० छापले जाते आणि खाली बेरीज ३०१ येते. कारण यंत्राने बेरीज केली ती ३०१.२० या खऱ्या मूल्याची. सभासद बोटांवर मोजतो, त्याचे तीनशे होतात, आणि ज्या पत्रकात वास्तविक एका पैशाचीही अफरातफर नाही त्याविषयी त्याच्या मनात संशय उत्पन्न होतो. यावर उपाय आकड्याचे रूप बदलण्यात नसून मूल्याविषयी निर्णय घेण्यात आहे: पूर्णांकन करावयाचे असेल तर ते राउंड या सूत्राने, नियमाने सांगितलेल्या टप्प्यावर, उघडपणे करावे, आणि उरलेल्या एक रुपया वीस पैशांची नोंद स्वतंत्र खात्यावर पडू द्यावी. वस्तू व सेवा कराच्या केंद्रीय अधिनियमाचे कलम १७० कराची रक्कम नजीकच्या रुपयापर्यंत आणण्यास सांगते व ५० पैसे किंवा अधिक असल्यास पुढचा रुपया धरते. हे काम दशांशस्थळे लपवून होत नाही. एक्सेलमध्ये ‘प्रिसिजन ॲज डिस्प्लेड’ नावाची एक तजवीज आहे, जी दिसणाऱ्या आकड्याबरहुकूम साठवलेली मूल्येच कायमची बदलून टाकते, आणि तीही एका रकान्यापुरती नव्हे तर संपूर्ण फाईलभर. तिच्या वाटेस कोणी जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

लाख-कोटींच्या स्वल्पविरामांचा प्रश्न आपल्या देशाचा खास आहे. पुष्कळ जण त्यासाठी सेलला अटींचे स्वरूपन देतात: कोटीच्या वरची रक्कम एका साच्यात, लाखाच्या वरची दुसऱ्यात, उरलेली तिसऱ्यात. परंतु अशा अटी दोनच घालता येतात. त्यामुळे ऋण रकमा सरसकट तिसऱ्या साच्यात पडतात, आणि ज्या रकान्यात नफा १२,३४,५६७ असा दिसतो त्याच रकान्यात तेवढाच तोटा -१,२३४,५६७ असा उमटतो. इतकेच नव्हे, तर ९९,९९९.९९६ ही रक्कम अटीच्या दृष्टीने लाखाच्या आत असल्यामुळे दोन दशांशस्थळांत १००,०००.०० अशी परदेशी वेषात दिसते. त्यापेक्षा विंडोजच्या रीजन या विभागात अंकांची भारतीय गटवारी एकदाच निवडणे हा राजमार्ग होय. मात्र ती गटवारी यंत्राची असते, फाईलची नव्हे, आणि तीच फाईल लंडनच्या कचेरीत उघडली असता स्वल्पविराम हजारांच्या जागी गेलेले दिसतील, हे पाठवणाऱ्याने आधीच जाणून असावे.

‘करन्सी’ आणि ‘अकाउंटिंग’ या दोन स्वरूपांतही जाणत्याने निवड करावी. दुसऱ्यात चलनचिन्ह सेलच्या डाव्या कडेला राहते, दशांशचिन्हे एका रेषेत येतात आणि शून्याच्या जागी आडवी रेघ उमटते. ही रेघ रुजुवातीच्या कामी मोठी उपयोगी आहे. कारण जेथे फरक निःशेष शून्य आहे तेथेच ती दिसते, आणि जेथे पैशाचा सूक्ष्म अंश शिल्लक उरला आहे तेथे ०.०० दिसते. द्विमान पद्धतीत दहा पैसे म्हणजे रुपयाचा दशांश तंतोतंत मांडता येत नसल्यामुळे असे अवशेष निर्दोष हिशेबातही साचतात. तेरजेच्या फरकाच्या ओळीत रेघेऐवजी ०.०० दिसले की अनुभवी लेखापरीक्षक तेथे थांबतो, आणि थांबावेच.

चलनचिन्ह हाताने लिहिण्याची सवय मात्र समूळ सोडली पाहिजे. रकमेच्या आधी ‘रु.’ टंकलिखित केले की बहुतेक यंत्रांवर तो सेल मजकूर ठरतो आणि बेरजेचे सूत्र काहीही तक्रार न करता त्यास वगळून पुढे जाते. डी. उदयकुमार यांनी रेखलेले ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले व त्याच वर्षी त्यास युनिकोडमध्ये स्थान मिळाले. ते स्वरूपनातूनच यावे, आणि आमच्या मते रकान्याच्या पहिल्या ओळीपुरते व बेरजेपुरतेच यावे. प्रत्येक ओळीवर चिन्हांची दाटी झाली की अंक वाचण्यास त्रास होतो.

कंपनी अधिनियम २०१३ च्या अनुसूची ३ नुसार १ एप्रिल २०२१ पासून वित्तीय विवरणांतील रकमांचे पूर्णांकन एकूण उत्पन्नाच्या प्रमाणात करणे बंधनकारक झाले आहे: १०० कोटींच्या आत शेकडा, हजार, लाख किंवा दशलक्ष, आणि १०० कोटी व त्यावर लाख, दशलक्ष किंवा कोटी, शिवाय एकदा धरलेले परिमाण विवरणांत सर्वत्र सारखे राखावे लागते. स्वरूपनाच्या साच्याअखेरीस स्वल्पविराम देऊन रक्कम हजारांत किंवा दशलक्षांत दाखवता येते, परंतु लाखांत व कोटींत दाखवण्याची सोय त्या युक्तीत नाही, कारण ती हजाराच्याच पटींनी चालते. म्हणून रुपयांतील मूळ पत्रक अबाधित ठेवून त्यावरून सूत्राने भागाकार व पूर्णांकन केलेले दुसरे पत्रक सिद्ध करावे, त्याच्या शीर्षकाखाली ‘रक्कम लाख रुपयांत’ हे शब्द ठळकपणे लिहावे, आणि लेखापरीक्षकाच्या स्वाधीन करताना छापील प्रतीबरोबर दोन्ही पत्रके असलेली फाईलही द्यावी.