समुद्रकांठची खोली

पूर्वीं घरांत कोणी दुखणाईत असलें म्हणजे डॉक्टर पांचगणीचें किंवा देवळालीचें नांव काढीत, आणि मग महिना-दोन महिन्यांपुरती भाड्याची जागा पाहिली जाई. आतां घरांत सर्व मंडळी सुखरूप असतांही समुद्रकांठीं आपली स्वतःची एक खोली असावी, असें सुचविणारीं रंगीत पत्रकें वर्तमानपत्राच्या घडींतून आणि मोबाइलच्या पडद्यावरून घरांत शिरूं लागलीं आहेत. जून २०२५ मध्यें सोलापुराहून गोव्यास विमान सुरू झालें. तेव्हांपासून तर अरबी समुद्र होटगी रस्त्याच्या शेवटींच येऊन ठेपला आहे, असें कित्येकांस वाटूं लागलें आहे.

ह्या पत्रकांतील योजना सामान्यतः अशी असते. हॉटेलांतील एक खोली गृहस्थानें विकत घ्यावयाची; ती चालविण्याचें काम कंपनीनें करावयाचें; पहिलीं तीन किंवा पांच वर्षें ठरलेलें भाडें घरबसल्या मिळावयाचें; आणि शिवाय वर्षांतून पंधरा दिवस मालकानें तेथें फुकट राहावयाचें. ऐकणाऱ्यास घर, ठेव आणि हवापालट ह्या तिहींचा लाभ एकाच सहींत झाल्यासारखा वाटतो. जुन्या पेठेंतला वाडा मोडकळीस आलेला, भाऊ चार गांवीं पांगलेले, आणि बिल्डर दाराशीं उभा, अशा घरांत तर हा विचार फार झपाट्यानें मूळ धरतो. तीन पिढ्यांचें छप्पर कशाच्या बदल्यांत द्यावयाचें, असा हा प्रश्न असल्यामुळें त्याचा शांतपणें विचार झाला पाहिजे.

घर आणि हॉटेल हीं दिसावयास सारखींच. दोहोंस भिंती आहेत, दारें-खिडक्या आहेत. परंतु दोहोंचा धर्म भिन्न. अतिथि ह्या शब्दाची फोड पंडित अशी करितात कीं, ज्याच्या येण्यास तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि. हॉटेलाचा व्यवहार नेमका ह्याच्या उलट आहे. तेथें तिथीच विकावयाची असते. व्यापाऱ्याचें धान्य आज खपलें नाहीं तर उद्यां खपेल. खोलीची आजची रात्र रिकामी गेली तर ती कोणत्याही कोठारांत सांठवून ठेवतां येत नाहीं. म्हणून हॉटेलाची किंमत त्याच्या चुन्या-विटांवर अवलंबून नसते. जागा, सरकारची परवानगी आणि चालकाची अहोरात्र निगा, ह्या तिहींवर ती उभी असते. आमच्या मतें समुद्रकांठच्या मिळकतीचें सारें रहस्य एवढेंच आहे, आणि जो केवळ भिंती विकत घेतो त्यानें ह्या तिहींपैकीं कांहींच विकत घेतलेलें नसतें.

ह्याचा पडताळा मुंबईंत काळा घोडा भागांतील एका इमारतींत मिळतो. १८६० नंतरच्या दशकांत किल्ल्याचा तट पाडण्यांत आला, आणि मोकळ्या झालेल्या त्या पट्ट्यांत वॉटसन नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानें एक हॉटेल उभारलें. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडांत तयार करून जहाजानें आणिला होता. ७ जुलै १८९६ रोजीं ल्यूमिए बंधूंचीं हलतीं चित्रें ह्या देशांत प्रथम दाखविलीं गेलीं तीं ह्याच हॉटेलांत, आणि त्याच वर्षीं अमेरिकन ग्रंथकार मार्क ट्वेन ह्यांचा मुक्कामही तेथेंच पडला होता. पुढें हॉटेल बंद पडलें. इमारतीस एस्प्लनेड मॅन्शन हें नांव मिळालें. प्रशस्त दालनांच्या लहान लहान खोल्या होऊन त्यांत कचेऱ्या व बिऱ्हाडें भरलीं. २००५ सालीं तिचा एक भाग कोसळला आणि २०१९ सालीं ती रिकामी करावी लागली. जागा तीच, लोखंड तेंच. निगा करणारा हात तेवढा गेला.

तेथून पायीं जाण्याच्या अंतरावर, अपोलो बंदराशीं, १६ डिसेंबर १९०३ रोजीं जमशेटजी टाटांचें ताजमहाल हॉटेल उघडलें. त्याच्या आराखड्यांत सीताराम खंडेराव वैद्य ह्या आपल्या स्थापत्यविशारदाचा प्रमुख हात होता, हें मराठी घरांनीं विसरूं नये. पहिल्या महायुद्धाच्या काळांत तेथें इस्पितळ झालें. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यांत जुन्या इमारतीस आगी लागल्या. तरीही नव्या मनोऱ्याचा भाग २१ डिसेंबर २००८ रोजींच उघडला, आणि जुना महाल दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजीं पाहुण्यांसाठीं पुन्हां सज्ज झाला. दोन्ही इमारतींस हवा एकच, खारी, लोखंड खाणारी. एकीमागें चांगल्या-वाईट वर्षांत सारखाच खर्च करणारा चालक टिकला, दुसरीमागें टिकला नाहीं.

आतां परवानगीचा विचार करूं. मुंबई प्रांतांत १९४७ सालीं भाडेनियंत्रणाचा जो कायदा झाला, त्याच्या नांवांतच हॉटेलें व निवासगृहें ह्यांच्या दरांचा उल्लेख होता, ही गोष्ट आज फार थोड्यांस ठाऊक असेल. युद्धानंतरच्या टंचाईंत सामान्य माणसास आसरा मिळावा हा त्याचा हेतु होता, आणि तो योग्यच होता. परंतु भाडें थिजलें आणि जमिनीची किंमत चढत गेली, तेव्हां मधली तफावत पागडीच्या रूपानें वाहूं लागली. १९९९ च्या नव्या कायद्यानें ती पागडी अखेर कायदेशीर ठरविली. मुंबईच्या इराणी उपाहारगृहांचा इतिहास ह्याच हिशेबांत दडलेला आहे. कोपऱ्यावरच्या जागा हिंदु दुकानदार अशुभ मानीत, म्हणून त्या इराण्यांस स्वस्तांत मिळाल्या, असें सांगतात. १९०४ चें कयानी आणि १९२३ चें ब्रिटानिया हीं त्यांपैकीं नामांकित. जुन्या भाड्याच्या आधारावर ब्रून-मस्का आणि चहा स्वस्त देतां येत असे. मालकाची पुढची पिढी डॉक्टर-इंजिनियर झाली म्हणजे धंदा संपतो आणि कोपरा तेवढा उरतो. मग त्या कोपऱ्यास जी किंमत येते ती चहाच्या कपाची खचित नव्हे.

मद्याच्या परवान्याची कथा ह्याहूनही बोलकी आहे. मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ चा. बंदी पुढें सैल झाली, तरी कायदा आजही महाराष्ट्राच्या नांवानें चालू आहे, आणि परमिट रूम हा शब्द त्याचीच खूण म्हणून पाट्यांवर राहिला आहे. बंदी जितकी कडक तितकें परवान्याचें मोल अधिक. मद्याविषयीं कोणाचें मत कांहींही असो, बाजाराचा हा नियम त्यास ओळखतां आला पाहिजे. १५ डिसेंबर २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें महामार्गांपासून ५०० मीटरच्या आंत मद्यविक्री नको असा आदेश दिला, आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर कित्येक हॉटेलांचे मद्यालय-विभाग बंद झाले. त्याच वर्षीं पुढें न्यायालयानें नगरपालिकांच्या हद्दींतील परवान्यांबाबत खुलासा केला, तेव्हां त्यांतले अनेक पुन्हां उघडले. ह्या अवधींत एकाही भिंतीची वीट हलली नव्हती; तरी त्या भिंतींची किंमत पडली आणि पुन्हां चढली.

समुद्राच्या अगदीं कांठावर तर परवानगी हीच जमीन, असें म्हणावें लागतें. केंद्र सरकारनें फेब्रुवारी १९९१ मध्यें किनारा नियमनाची अधिसूचना काढिली, आणि भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा तिच्या कक्षेंत आला. २०११ व २०१९ सालीं तिच्या जागीं नव्या अधिसूचना आल्या व अंतरें बदललीं. वांद्र्याच्या टोकाशीं सी रॉक नांवाचें हॉटेल होतें. १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांत तें सांपडलें आणि नंतर बंदच राहिलें. ताज चालविणाऱ्या कंपनीनें २००९ मध्यें त्यांत हात घातला, जुनी इमारत पाडली गेली, आणि नव्या हॉटेलाचें भूमिपूजन झालें तें फेब्रुवारी २०२५ मध्यें. मुंबईंतील अति उत्तम देखावा असलेल्या त्या जागेवर जवळजवळ ३२ वर्षें एका रात्रीचेंही भाडें आलें नाहीं. एवढी वाट पाहण्याचें बळ मोठ्या कंपनीस असूं शकतें. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरास तें कोठून असणार?

ह्या बाजारांत मोल कसें फिरतें ह्याचें आणखी एक उदाहरण. मुंबईच्या विमानतळाजवळचें सेंटॉर हॉटेल सरकारनें २००२ सालीं ८३ कोटी रुपयांस विकलें, आणि कांहीं महिन्यांतच तें ११५ कोटींस दुसऱ्याच्या हातीं गेलें. जो व्यवहार सरकारी अधिकाऱ्यांच्या आणि सल्लागारांच्या डोळ्यांदेखत होतो, त्यांतही खऱ्या किंमतीचा अंदाज इतका चुकूं शकतो. मग पत्रकांतील चित्र पाहून किंमत ठरविणाऱ्या गृहस्थाची काय कथा!

आतां खात्रीच्या भाड्याकडे वळूं. समजा, खोलीची किंमत ६० लाख आणि भाडें दरसाल ८ टक्के, तीन वर्षांपर्यंत. एकूण १४ लाख ४० हजार रुपये हातीं येतात आणि मन प्रसन्न होतें. परंतु अशीच खोली, भाड्याच्या खात्रीवांचून, शेजारीं ४५ लाखांस मिळत असेल, तर आपण जे १५ लाख अधिक मोजले त्यांतूनच आपलें भाडें आपणांस हप्त्यांनीं परत मिळत आहे. चौथ्या वर्षीं खरा हिशेब सुरू होतो. रात्रीचा दर ४,००० रुपये आणि वर्षाकांठीं भरलेल्या रात्री १५० धरल्या, तर उत्पन्न ६ लाख. पावसाळ्याचे महिने कोंकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मंदीचे जातात, हें लक्षांत घेतां हा अंदाज कृपण म्हणतां येणार नाहीं. त्यांतून नोकरांचे पगार, वीज, धुलाई, गिऱ्हाईक आणून देणाऱ्यांचें कमिशन, गंजलेल्या नळांची व पोपडे धरलेल्या गिलाव्याची दुरुस्ती, आणि चालकाचा मेहनताना वजा करा. निम्मे उरले तरी नशीब. म्हणजे ६० लाखांवर ५ टक्के, आणि तेही कर भरण्यापूर्वींचे. बँकेच्या ठेवीशीं हा आकडा ताडून पाहावयास गणिताचा शिक्षक लागत नाहीं.

ह्याचा अर्थ समुद्रकांठीं कोणासच लाभ होत नाहीं असा नव्हे. मालवण, तारकर्ली, गुहागर, अलिबाग ह्या बाजूंस कित्येक कुटुंबें स्वतःच्या घराच्या दोन-चार खोल्या पाहुण्यांस देतात, स्वतःच्या हातचें जेवण वाढतात, आणि त्यावर संसार सांवरतात. तेथें जागा वाडवडिलांची, निगा घरच्यांची, आणि पाहुणा उंबऱ्यांतून आंत येणारा. मालक आणि चालक एकाच चुलीवर जेवतात, म्हणून रात्र रिकामी गेली तरी घर रिकामें होत नाहीं. आपल्याकडेही पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट ह्या क्षेत्रांस येणारा यात्रेकरू बारा महिने आहे. त्याची सेवा जीं घरें स्वतः राबून करितात त्यांचें पोट भरतें. फळ मिळतें तें राबणुकीचें, आणि राबणूक करारानें दुसऱ्यावर सोंपवितां येत नाहीं.

एकत्र कुटुंबास ह्याहून मोठा एक विचार आहे. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतींत मुलींचा वांटा मुलांच्या बरोबरीचा आहे. तेव्हां भावांनीं बैठकींत ठरविलें म्हणून विक्री पुरी होत नाहीं, बहिणींच्या सह्या हव्यात, आणि सह्यांपूर्वीं त्यांचें मनापासून संमत हवें. वाडा वांटतां येतो. एकास माडी, एकास पडवी, असें पूर्वापार चालत आलें आहे. हॉटेलांतली खोली पांच भावंडांत कशी वांटावयाची? मे महिन्याचे पंधरा दिवस कोणाचे आणि आषाढाचे कोणाचे, ह्यावरून जीं मनें दुखावतील त्यांची भरपाई कोणत्याही भाड्यांत नाहीं.

तरीही ज्यास हा व्यवहार करावयाचाच असेल, त्यानें निदान चार प्रश्न लेखी विचारावे. जमीन कोणाच्या नांवें आहे, मालकीची कीं भाडेपट्ट्याची, आणि पट्टा किती वर्षांचा? बांधकामाची, किनारा नियमनाची आणि रेराची नोंद दाखवितां काय? चालक सोडून गेला तर दुरुस्ती, वीजबिल आणि कर कोणी भरावयाचे? आणि चौथा, सर्वांत मोलाचा: ह्याच इमारतींतील एखादी खोली तिच्या मालकानें आजवर दुसऱ्यास विकली आहे काय, आणि कितीस? ह्या चौथ्या प्रश्नावर दलाल विषय बदलूं लागला, म्हणजे आपणांस उत्तर मिळालें असें समजावें.

समुद्र पाहावा, अवश्य पाहावा. मुलांना भरती-ओहोटी दाखवावी, चार दिवसांचें बिल चुकतें करावें आणि घरीं यावें. त्या पैशाचा पुरा मोबदला त्याच चार दिवसांत मिळालेला असतो. मात्र वाड्याच्या विक्रीच्या कागदावर सही करण्यापूर्वीं घरांतील कर्त्या माणसानें एक कोरा कागद घ्यावा आणि आज त्या छपराखालीं कोण कोण निजतें त्यांचीं नांवें लिहावीं. माजघरांतली वृद्ध आत्या, परीक्षेस बसलेला पुतण्या, बाळंतपणास येणारी लेक. प्रत्येक नांवापुढें तें माणूस उद्यां कोठें निजेल तेंही लिहावें. हा कागद भरून झाला, आणि घरांतील सर्वांस तो वाचून दाखवितां आला, तरच पुढच्या कागदास हात लावावा.