फराळाचे ताट थांबवू नका

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दवाखान्यात येणाऱ्या बायकांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. कंबर धरली, छातीत जळजळते, हातावर तेल उडाले. दिवाळी उरकल्यावर येणाऱ्यांच्या तक्रारीही ठरलेल्या. साखर वाढली, पोट बिघडले, पायावर सूज आली. या दोहोंच्या मधले जे चार दिवस असतात, त्यांत मुरुमच्या गल्लीगल्लीतून रुमालाने झाकलेली ताटे या घरातून त्या घरात जात असतात. ताट घेऊन येणारी परकरातली पोर दारात उभी राहून ओरडते, ‘काकू, आईनं फराळ दिलाय, ताट लगेच मागितलंय.’ आणि काकूंना ताट रिकामे परत धाडता येत नाही. स्वतःचा फराळ झाला नसेल तर निदान चिमूटभर साखर त्यात ठेवावी लागते.

एक काळ असा होता की ही देवाणघेवाण बंद झाली पाहिजे, असे माझे ठाम मत होते. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या नेहमीच्या पेशंटांपैकी एक आजी, वय सत्तरच्या आसपास, मधुमेह जुना, मुलगा पुण्याला, घरात सून आणि दोन नातवंडे. दर दिवाळीनंतर आजींची साखर तीनशेच्या वर. त्या वर्षी मी सुनेला बोलावून बजावले, ‘यंदा घरात फराळ करायचा नाही, कोणाकडून घ्यायचा नाही आणि कोणाला द्यायचाही नाही. शेजाऱ्यांना मीच सांगितले म्हणून सांगा.’ सून आज्ञाधारक होती. तिने गल्लीभर तसे सांगितले.

दिवाळीनंतर आजी तपासणीला आल्या. साखर खरोखरच उतरली होती. मी खूश. पण वजन दोन किलोंनी घटलेले, झोप नाही, जेवणावर वासना नाही. विचारले तर म्हणाल्या, ‘साखर उतरली बघा डाक्टर, पण चार दिवसात दाराची कडी कुणी वाजवली नाही. आमच्या घरात सुतक हाय का काय, असं वाटलं.’ पुढच्या तीन महिन्यांत त्या अंथरुणाला धरूनच राहिल्या. त्याला माझे पथ्य कारणीभूत झाले असे शास्त्राच्या कसोटीवर मला सिद्ध करता येणार नाही. पण मला जे वाटायचे ते वाटलेच. औषधाची मात्रा चुकली की डॉक्टरला कळते. पथ्याचीही मात्रा असते, हे मला कोणत्याही वर्गात शिकवले नव्हते.

सुतकाचा शब्द आजींनी उगाच काढला नव्हता. ज्या घरात वर्षभरात कोणी गेले असेल, तिथे दिवाळीला कढई चढत नाही. अशा घरी नातेवाईक आणि शेजारी आठवणीने फराळाचा डबा पोहोचवतात. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला आणि त्यानंतर दीड महिन्याने दिवाळी आली. मी तेव्हा वैद्यकीय शिक्षण घेत होतो, सुट्टीला घरी आलो होतो. आमच्या दाराला आकाशकंदील नव्हता. पण आईने चिवडा आणि लाडू केले, ते सगळे डब्यांत भरले आणि भूकंपाच्या पट्ट्यातल्या आमच्या नातलगांकडे पत्र्याच्या शेडमध्ये पाठवले. घरी आम्हाला त्यातले फारसे काही मिळाले नाही. तो डबा कॅलरीत मोजायची अक्कल त्या वेळी माझ्यात आली नव्हती हे बरेच झाले.

तेव्हा या लेखात मी फराळ बंद करा असे सांगणार नाही. ताट जाऊ द्या, येऊ द्या. ताटात किती आणि ताटापाशी आग्रह किती, एवढ्यावर मात्र बोललेच पाहिजे.

कारण परिस्थिती गमतीची नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा पूर्वी शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्यांचा आजार समजत. आता माझ्याकडे उमरगा तालुक्याच्या खेड्यांतून, दोन एकर सोयाबीनवाले आणि रोजंदारीवर जाणारेही येतात.

हिशेब सोपा आहे. बेसनाचा मध्यम आकाराचा एक लाडू, सुमारे ४० ग्रॅमचा, यात अंदाजे २०० कॅलरी असतात. ज्वारीची एक बेताची भाकरी म्हणजेही तेवढ्याच. म्हणजे तुम्ही चार घरी गेलात आणि चारी घरी ‘एवढा एक तरी घ्याच’ म्हणून एकेक लाडू खाल्लात, तर जेवणाव्यतिरिक्त चार भाकरी झाल्या. आणि भाकरीने पोट भरल्याचे कळते तरी, लाडवाने तेही कळत नाही. त्यावर प्रत्येक घरी अर्धा कप चहा, साखरेचा.

‘मी गोड खात नाही, चकली-चिवडाच खातो’ असे सांगणारे स्वतःला फार संयमी समजतात. त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतो. ज्यांना रक्तदाब आहे, हृदय कमकुवत आहे किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांना लाडवाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त भीती चकली, शेव आणि चिवड्याची असावी. दिवसाला एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या रोजच्या भाजी-आमटी-चटणीतच ते संपते. दिवाळीनंतर पाय सुजून, धाप लागून येणारे जे पेशंट असतात, त्यांतले बरेच तिखट-मिठाचा फराळ खाऊन आलेले असतात.

गुळाबद्दलही एक गैरसमज घट्ट आहे. गुळाचा लाडू मधुमेह्याला चालतो, असे अनेक जण छातीठोकपणे सांगतात. चालत नाही. गूळ, मध, पिठीसाखर, शरीराच्या दृष्टीने ही सगळी साखरच. बाजारात ‘शुगर-फ्री’ म्हणून मिळणाऱ्या मिठाईतही मैदा आणि तूप असतेच. मग अर्ध्या खऱ्या लाडवाने काय घोडे मारले आहे? अर्धा लाडू, जेवणानंतर, बसून, चावून खाल्ला तर बहुतेक मधुमेही पेशंटांना तो मी नाकारत नाही. मात्र नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर रिकाम्या पोटी फराळाचे अख्खे ताट आणि औषधाची गोळी नऊ वाजता, हा प्रकार नको.

याहून धोक्याची एक चूक आहे. सकाळी जास्त खाल्ले म्हणून साखरेची गोळी दुप्पट घ्यायची, किंवा गोळी घ्यायची आणि ‘आता दुपारी जेवतच नाही’ म्हणून उपाशी राहायचे. अशाने साखर एकाएकी खाली येते. दरदरून घाम, हातपाय थरथरणे, असंबद्ध बोलणे. घरच्यांना वाटते थकवा आहे, झोपू द्या. झोपू देऊ नका. माणूस शुद्धीवर असेल तर ताबडतोब तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा आणि दवाखान्यात आणा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आता कढईकडे वळतो. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅट नावाच्या घातक चरबीचे प्रमाण २ टक्क्यांवर नसावे, असा नियम जानेवारी २०२२ पासून देशात लागू आहे. ही चांगली गोष्ट झाली. पण आपल्या घरातल्या कढईला कोणता नियम आहे? पहिल्या दिवशी करंज्या, दुसऱ्या दिवशी चकल्या, मग शेव, आणि उरलेले काळसर तेल बरणीत भरून तुळशीच्या लग्नापर्यंत भजी. तेल काळे पडले, चिकट झाले, फेस येऊ लागला की ते खायच्या कामाचे उरले नाही असे समजावे. महागाईत तेल फेकायला जीव होत नाही, हे मला कळते. म्हणून कढईत आधीच कमी ओतावे. आणि तेल अंगावर उडालेच तर भाजलेला भाग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. टूथपेस्ट, शाई, हळद लावून माझ्याकडे आलात तर आधी ते खरवडताना माझे आणि तुमचे, दोघांचेही हाल होतात.

एक सूचना लहान मुलांबाबत. ताट आले की पहिली मूठ पोरांची असते. पण चार-पाच वर्षांखालच्या मुलाला चिवड्यातला शेंगदाणा निवडून काढल्याशिवाय देऊ नका. हसता-खेळता तो श्वासनलिकेत जातो आणि मग दुर्बिणीने काढायला सोलापूर किंवा लातूर गाठावे लागते. तेही वेळेत पोहोचलो तर.

बायकांच्या कंबरेचा विषय पहिल्या ओळीत काढला आणि तसाच राहिला. दिवाळी येते ती नेमकी सोयाबीन काढणीच्या धांदलीत. दिवसभर रानात वाकलेली बाई रात्री अकरापर्यंत चुलीपुढे किंवा शेगडीपुढे बसते, कारण पाच-सहा पदार्थ झालेच पाहिजेत. का, तर शेजारणीच्या ताटात सात होते.

अमेरिकेत नाताळच्या आधी बायका यावर एक युक्ती करतात. प्रत्येकीने घरी बिस्किटांचा एकच प्रकार भरपूर करायचा, सगळ्यांनी एका घरी जमायचे, आणि जाताना प्रत्येकीने सर्वांचे थोडे थोडे घेऊन जायचे. गोव्यातही नाताळात नेवऱ्या, दोदोल अशा पदार्थांची ताटे शेजारी जातात, हिंदू घरीसुद्धा. नेवरी म्हणजे आपली करंजीच. ही अमेरिकेची तऱ्हा आमच्या सौभाग्यवतींनी कुठेतरी ऐकली आणि गल्लीतल्या पाच घरांत सुरू केली. एकीने फक्त चकली, एकीने चिवडा, एकीने शंकरपाळे, एकीने बेसनलाडू, एकीने करंजी. प्रत्येकीने अडीच किलो करायचे, अर्धा किलो स्वतःला ठेवून बाकीचे चार घरी अर्धा-अर्धा किलो द्यायचे. पूर्वी एकेका घरात आठ-दहा किलो फराळ व्हायचा आणि कार्तिकी एकादशीपर्यंत डब्याच्या तळाशी खवट होऊन राहायचा. आता प्रत्येकी अडीच किलो, एका संध्याकाळचे काम.

हे सहज झाले असे मात्र नाही. ‘तिच्या चकलीत मोहनच नसते’ इथपासून ‘कोणाच्या घरचे देवापुढे ठेवायचे आणि कोणाच्या घरचे नाही’ इथपर्यंत सगळे निघाले. एक घर पहिल्याच वर्षी बाहेर पडले. त्यांच्या जागी आलेले घर मुसलमानांचे आहे, ज्यांच्याकडून ईदला शीरखुर्म्याचे पातेले आमच्याकडे वर्षानुवर्षे येते. शंकरपाळे आता तेच करतात, आणि उत्तम करतात. वेळ अमावस्येला आपण पाहुण्याची जात न विचारता रानात पांढरीवर बसवून भज्जी, उंडे आणि आंबील वाढतो. मग दिवाळीला घरात आल्यावर एवढे सोवळे कुठून येते, हे मला न सुटलेले कोडे आहे.

उरला आग्रह. ‘आमच्याकडचं खाल्लंच नाही’ ही तक्रार मुरुममध्ये मानापमानापर्यंत जाते. त्यासाठी पेशंटांना मी एक पळवाट सांगतो. कोणी ताटली पुढे केली की नाही म्हणू नका, ‘घरी नेतो’ म्हणा. कागदात बांधून घ्या, घरी नेऊन चौघांत वाटा. यजमानांनीही पाहुण्याला विचारून वाढावे. विचारून वाढण्यात कंजूषपणा आहे, असे आपल्याकडे का मानतात कोण जाणे.

त्या आजी पुढे आणखी चार वर्षे होत्या. पुढल्या दिवाळीत मी स्वतः सुनेला सांगितले की ताटे येऊ द्या. आजींनी करायचे ते इतकेच, प्रत्येक ताटातला एक घास तोंडात टाकायचा आणि बाकीचे नातवंडांना द्यायचे. साखर थोडी वाढली, मी गोळी जुळवून घेतली. आजी मात्र आलेल्या ताटांचा हिशेब तोंडपाठ ठेवत. कोणाच्या ताटात काय होते आणि आपण काय परत पाठवले, हे तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या मला ऐकावे लागे.

माझ्याबद्दलही एक सांगून टाकतो, नाहीतर लोका सांगे ब्रह्मज्ञान असे व्हायचे. डॉक्टरला फराळाचा डबा द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. गेल्या दिवाळीत दवाखान्यात सव्वीस डबे आले. त्यातले बरेच कंपाउंडर आणि आया घेऊन गेल्या, पण जे राहिले ते माझ्या तिमाही सरासरी साखरेत दिसले, ६.३. म्हणजे मीही त्या साडेतेरा कोटींच्या उंबरठ्यावर येऊन बसलो. तेव्हा यंदा पेशंटांना विनंती आहे. पाडव्याला दवाखाना सकाळी दहा ते एक उघडा राहील, भेटायला जरूर यावे. डबा आणायचाच असेल तर चुरमुऱ्याचा चिवडा आणावा, तेल-मीठ बेताचे, आणि एकच वाटी. डबा मी रिकामा परत करणार नाही.