घरचे आरोग्य : जोर दंडाचा नव्हे, भार अंगाचा

घरातले माणूस एकाएकी कोसळले, की पहिली धावपळ होते ती त्याला उचलून पलंगावर निजवण्याची. कोणी कांदा फोडून आणतो, कोणी तोंडात पाणी घालू पाहतो. हेतू चांगला, पण हृदयच थांबले असेल, तर ही मिनिटे फार महाग पडतात.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी १९६० साली दाखवून दिले, की छाती न उघडता, नुसती बाहेरून दाबूनही रक्त खेळते ठेवता येते. यातले कौवेनहोवेन मूळचे विजेचे इंजिनीअर! तेव्हा हे काम केवळ डॉक्टरांचे, असे समजू नये. हात सर्वांनाच आहेत. प्रश्न आहे तो बसायचे कसे, याचा.

गृहिणींना हे चटकन उमजेल. उंच ओट्यावर परात ठेवून कणीक मळली, तर दंड भरून येतात. तीच परात जमिनीवर घेतली, की अंगाचा भार आपोआप हातांवर येतो. येथेही तेच.

हाक मारून, खांदा हलवून माणूस ओ देत नसेल आणि श्वास थांबला असेल किंवा नुसते आचके येत असतील, तर एकाने १०८ क्रमांक फिरवावा. दुसऱ्याने रोग्याला कडक जमिनीवर उताणे निजवावे. पलंगावर ठेवू नये. बराचसा दाब मऊ गादीच गिळते.

मग छातीला अगदी लगटून गुडघे टेकावेत. तळहाताची टाच छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवावी. तिच्यावर दुसरा हात. कोपरे ताठ आणि खांदे बरोबर हातांच्या वर. आता कमरेतून वाकून, मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच, खाली जाईल असे दाबावे. ६ च्या पलीकडे मात्र नको. गती मिनिटाला १०० ते १२०.

लांब बसलात तर दाब तिरपा जातो, खोली कमी पडते आणि हात लवकर थकतात. उलट, छातीवर रेलून राहिलात तर ती पुरती वर येत नाही आणि हृदयात रक्त भरत नाही. रुग्णालयात खाट उंच असली, तर ठेंगण्या परिचारिका पायाखाली स्टूल घेतात, ते यासाठीच!

दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. दमलेल्याला आपला दाब उणा पडतो आहे, हे पुष्कळदा कळतही नाही.

दिवाळीत घर भरलेले असते. फराळानंतर एक घट्ट उशी जमिनीवर घ्या आणि थोरामोठ्यांनी पाळीपाळीने सराव करा. जित्याजागत्या माणसाच्या छातीवर मात्र करू नका. बाजूला उभे राहून एकाने एवढेच पाहावे : कोपरे ताठ आहेत ना, खांदे हातांवर आहेत ना?