जहाजावरची दुसरी बाई

४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ च्या कराचीवरील हल्ल्याची आठवण जागवताना हल्ली ‘पहिली महिला अमुक’, ‘पहिली महिला तमुक’ असे फोटोही झळकतात. कौतुक जरूर व्हावे. पण आम्हाला चिंता आहे ती तिच्यामागून येणाऱ्या दुसरीची आणि दहावीची.

नौदलात महिला अधिकारी १९९२ मध्ये आल्या, त्या शिक्षण, कायदा, रसदपुरवठा अशा शाखांत. कायमस्वरूपी कमिशनचा त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये निकाली काढला. सरकारी बाजूचा एक युक्तिवाद असा होता, की रशियन बनावटीच्या जहाजांवर महिलांसाठी स्नानगृहे नाहीत! न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने तो मानला नाही, हे बरेच झाले. अख्खी युद्धनौका बांधणाऱ्या देशाला एका दाराला कडी बसवणे जड जावे?

तरी अडचण अगदीच खोटी नव्हती. एकावर एक बंक, अंग चोरून जावे असे बोळ, जपून वापरायचे पाणी आणि रात्री-अपरात्री बदलणारा पहारा. तिथे एकटीच बाई असली की ती एक तर पाहुणी ठरते, नाही तर अडगळ. चौघी-पाचजणी असल्या की पहाऱ्याच्या तक्त्यावर तिचे नाव इतरांसारखेच लागते.

नौदलाची शिडाची नौका ‘तारिणी’ २०१७ मध्ये गोव्याहून निघाली, तेव्हा तिच्यावर सहा महिला अधिकारी होत्या. नौकाही गोव्यातच, दिवाडीला बांधलेली. केप हॉर्न ओलांडून, सुकाणू बिघडल्यावर मॉरिशसला दुरुस्ती करून, मे २०१८ मध्ये त्या पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतल्या. धाडसाविषयीची शंका तिथेच मिटली. पण ते सगळे पथकच बायकांचे होते. पुरुषांच्या जहाजात सामावून जाण्याची परीक्षा त्यात नव्हती.

ती परीक्षा पुढे आली. २०२३ च्या अखेरीस ‘आयएनएस त्रिंकट’ या युद्धनौकेच्या नेतृत्वासाठी लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांचे नाव जाहीर झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये ओडिशातल्या चिल्का येथून २७३ महिला अग्निवीर, म्हणजे अल्पमुदतीच्या नौसैनिक, प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडल्या होत्या. आम्हाला ही बातमी अधिक मोलाची वाटते, कारण जहाज चालते ते नौसैनिकांच्या हातांवर. मात्र अग्निवीराची नोकरी चार वर्षांची, आणि कायम होणार फार तर चौथा हिस्सा. त्यात मुली किती आणि जहाजांवर किती, हा आकडा नौदलाने दर ४ डिसेंबरला जाहीर करावा.